माइल्सच्या दावणीला बांधून घेऊ नका

१७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून निघालेलं जेट एअरवेजचं विमान मुंबईत उतरलं आणि कंपनीचं काम थांबलं. १९९३ पासून भारतातल्या मध्यमवर्गाला विमानप्रवासाची सवय लावण्यात या कंपनीचा मोठा वाटा होता. तिच्या ‘जेटप्रिव्हिलेज’ योजनेत लाखो प्रवाशांनी माइल्स साठवले होते. काहींनी ते नोकरीनिमित्त फिरताना मिळवले होते, तर काहींनी जेटचं नाव असलेल्या क्रेडिट कार्डावर वर्षानुवर्षं किराणा भरून, मुलांच्या फिया देऊन, घरात फ्रीज आणि टीव्ही आणून. त्या रात्रीनंतर या सगळ्यांपुढे एकच प्रश्न होता : आता या माइल्सचं करायचं काय?

जेटच्या ग्राहकांचं नशीब त्यातल्या त्यात बरं. जेटप्रिव्हिलेज ही वेगळी कंपनी होती आणि तिच्यात अबू धाबीच्या एतिहाद एअरवेजची भागीदारी ५०.१ टक्के होती. त्यामुळे विमानं थांबली तरी खाती बुडाली नाहीत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये योजनेचं नाव ‘इंटरमाइल्स’ झालं. खात्यातला आकडा तोच राहिला, पण ज्या विमानात बसण्यासाठी तो जमवला होता ते विमानच उरलं नव्हतं. मुंबई–गोवा किंवा पुणे–दिल्ली अशा ओळखीच्या फेऱ्यांसाठी ठेवलेली शिल्लक आता दुसऱ्याच कुठल्या तरी गोष्टीसाठी वापरायची होती, आणि तीही दुसऱ्याने ठरवलेल्या दराने.

त्याआधी किंगफिशरच्या प्रवाशांना एवढंही मिळालं नव्हतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशर एअरलाइन्सचा परवाना निलंबित झाला आणि तिच्या ‘किंग क्लब’मधले माइल्स कंपनीबरोबरच गेले. अलीकडचं उदाहरण विस्ताराचं. टाटा आणि सिंगापूर एअरलाइन्स यांची ही कंपनी १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली. ‘क्लब विस्तारा’चे पॉइंट एकास एक या प्रमाणात एअर इंडियाच्या योजनेत गेले, म्हणजे हिशेबात कुणाचं काही कमी झालं नाही. पण विस्ताराची सेवा आवडली म्हणून जे लोक तिच्याशी जोडले गेले होते, त्यांना ही नवी सोयरीक न विचारता मिळाली. विस्ताराचं नाव असलेली बँकांची कार्डंही २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने आपले मूळ फायदे गमावत गेली.

किंगफिशरचे माइल्स बुडाले, जेटच्या माइल्सचा उपयोग बदलला, विस्ताराच्या माइल्सचा मालक बदलला. कारणं निराळी असली तरी प्रवाशाची स्थिती तिन्ही वेळा सारखीच होती. त्याने आपला खर्च एका कंपनीच्या नावे आधीच लिहून दिला होता आणि पुढचे निर्णय घेण्याचा हक्क त्याच्याकडे उरला नव्हता. म्हणून रोजच्या खर्चावर प्रवासाचा फायदा मिळवायचा असेल, तर तो एका विमान कंपनीच्या माइल्समध्ये न घेता, अनेक ठिकाणी वापरता येणाऱ्या बँकेच्या पॉइंटमध्ये घ्यावा, असं मला वाटतं. त्यामागचं गणित नीट समजून घेण्यासारखं आहे.

माइल्स आले कुठून?

अमेरिकेत १९७८ साली विमान वाहतुकीवरची सरकारी बंधनं उठली. भाडी ठरवण्याची मोकळीक मिळाली, स्पर्धा वाढली आणि प्रवाशाला धरून ठेवण्याची गरज निर्माण झाली. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने ‘अ‍ॅडव्हांटेज’ ही योजना सुरू केली. नेहमी फिरणारे प्रवासी कोण, हे कंपनीच्या ‘सेबर’ या संगणकीय आरक्षण प्रणालीतल्या नोंदींवरून शोधता येत होतं. जितके मैल उडाल तितके माइल्स जमा, असा साधा हिशेब होता. इतर मोठ्या कंपन्यांनीही झटपट आपापल्या योजना आणल्या.

खरा बदल १९८७ मध्ये झाला. सिटीबँक आणि अमेरिकन एअरलाइन्सने मिळून क्रेडिट कार्ड काढलं. आता माइल्स मिळवायला विमानात बसण्याचीही गरज नव्हती. दुकानात खर्च केला तरी ते मिळू लागले. बँक विमान कंपनीकडून माइल्स विकत घेते आणि आपल्या ग्राहकाला देते. विमान कंपनीला पैसे आजच मिळतात आणि त्याबदल्यात द्यायची सीट पुढे कधी तरी द्यायची असते. ती सीट किती माइल्सना द्यायची, हेही तीच ठरवते.

हा धंदा किती मोठा झाला, ते करोनाच्या काळात दिसलं. २०२० मध्ये विमानं जमिनीवर उभी होती, तिकीटविक्री जवळपास थांबली होती. तेव्हा युनायटेड एअरलाइन्सने आपली ‘माइलेजप्लस’ योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. ही योजना सुमारे २२ अब्ज डॉलर किमतीची असल्याचा अंदाज तेव्हा मांडला गेला होता. त्या वेळच्या शेअर बाजारातल्या भावाने अख्ख्या कंपनीची किंमतही याहून कमी होती. डेल्टाने याच मार्गाने ९ अब्ज डॉलर आणि २०२१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने १० अब्ज डॉलर मिळवले. माइल्स ही विमान कंपनीने खूश होऊन दिलेली भेट आहे, असा आपला समज असतो. कर्ज देणाऱ्यांनी मात्र तिच्याकडे कमाईचं भक्कम साधन म्हणून पाहिलं.

त्यानंतर नियमही बदलत गेले. पूर्वी बहुतेक कंपन्यांकडे अमुक अंतरासाठी अमुक माइल्स असा छापील तक्ता असे. डेल्टाने २०१५ मध्ये तो काढून टाकला, युनायटेडने २०१९ मध्ये. आता त्यांच्याकडे सीटची माइल्समधली किंमत मागणीनुसार वर-खाली होते. मिळकतही अंतरावर न राहता तिकिटासाठी मोजलेल्या पैशांवर आली. एअर इंडियानेही २०२४ मध्ये आपली योजना याच धर्तीवर बदलली. पुढे तिचं नाव ‘महाराजा क्लब’ झालं. याचा अर्थ सरळ आहे : आज पन्नास हजार माइल्सना मिळणारं तिकीट दोन वर्षांनी तेवढ्यालाच मिळेल, अशी हमी कुणी देत नाही. या शिल्लकीवर व्याज मिळत नाही, बँकेतल्या ठेवीसारखं विमा संरक्षण नसतं, आणि बहुतेक ठिकाणी मुदतही असते. सिंगापूर एअरलाइन्सच्या ‘क्रिसफ्लायर’मधले माइल्स सर्वसाधारणपणे ३६ महिन्यांनी बाद होतात.

लवचिक पॉइंट म्हणजे काय?

क्रेडिट कार्डावरचे पॉइंट ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. एक, विमान कंपनीचं नाव असलेल्या कार्डाचे. हे थेट त्या कंपनीच्या खात्यात जमा होतात. दुसरे बँकेचे स्वतःचे. एचडीएफसी, अ‍ॅक्सिस, अमेरिकन एक्सप्रेस अशा कंपन्यांच्या ठरावीक कार्डांवर मिळणारे पॉइंट आधी बँकेकडेच राहतात. पुढे त्यांचं काय करायचं, हे ग्राहक ठरवतो. बँकेच्या पोर्टलवरून विमानाचं तिकीट किंवा हॉटेल घेता येतं, एखाद्या विमान कंपनीच्या किंवा हॉटेलच्या योजनेत पाठवता येतात, काही कार्डांवर बिलातून वळते करता येतात.

यातला महत्त्वाचा मार्ग दुसऱ्या योजनेत पाठवण्याचा. जगातल्या मोठ्या विमान कंपन्या तीन गटांत विभागल्या आहेत. ‘स्टार अलायन्स’मध्ये एअर इंडिया, लुफ्तान्झा, सिंगापूर एअरलाइन्स, युनायटेड, एअर कॅनडा; ‘स्कायटीम’मध्ये एअर फ्रान्स, केएलएम, डेल्टा; ‘वनवर्ल्ड’मध्ये ब्रिटिश एअरवेज, कतार एअरवेज. एमिरेट्स आणि एतिहाद कुठल्याच गटात नाहीत. एका गटातल्या कोणत्याही कंपनीचे माइल्स असले, तर त्याच गटातल्या दुसऱ्या कंपनीच्या विमानातली सीटही मिळू शकते. म्हणजे क्रिसफ्लायरचे माइल्स असतील तर लुफ्तान्झाचं तिकीट निघू शकतं. पण त्याच माइल्सवर एअर फ्रान्सचं काढता येत नाही, कारण गट वेगळा. बँकेचा पॉइंट मात्र क्रिसफ्लायरमध्येही जाऊ शकतो आणि एअर फ्रान्स–केएलएमच्या ‘फ्लाइंग ब्लू’मध्येही. कुठल्या गटात सीट मोकळी आहे हे आधी पाहायचं आणि मग पॉइंट तिकडे वळवायचे.

इथे एक नियम कधीही विसरू नये. बँकेतून विमान कंपनीकडे गेलेला पॉइंट परत येत नाही. ज्वारी घरात असेल तोवर भाकरीही करता येते, लाह्याही आणि पेरणीही. एकदा दळून आणली की फक्त पीठ उरतं. म्हणून सीट दिसल्याशिवाय, तारीख पक्की झाल्याशिवाय पॉइंट हलवू नयेत. बँका मधूनमधून ‘आता पाठवलेत तर वीस टक्के जास्त’ अशा योजना आणतात. प्रवास ठरलेला असेल तर त्यांचा फायदा घ्यावा. पण केवळ वाढीव आकड्याच्या मोहाने सगळी शिल्लक एका कंपनीत ओतली, तर जी मोकळीक राखण्यासाठी हे कार्ड घेतलं तीच गमावली जाते. काही बँकांचे पॉइंट पाठवल्यावर लगेच पोचतात, काहींना दिवस लागतात. तोवर सीट जाऊ शकते, हेही गृहीत धरावं.

पॉइंटची किंमत काढायची कशी?

जाहिरातीत ‘पन्नास हजार पॉइंट मोफत’ असं मोठ्या अक्षरात येतं. पॉइंटचा आकडा स्वतःहून काहीच सांगत नाही. एका पॉइंटच्या बदल्यात किती रुपये वाचतात, हे पाहायचं. त्याचं सूत्र सोपं आहे. तिकिटाची रोख किंमत घ्या, तिच्यातून माइल्सचं तिकीट काढतानाही भरावे लागणारे कर आणि अधिभार वजा करा, आणि उरलेल्या रकमेला लागणाऱ्या माइल्सनी भागा.

समजा, एका परदेशी प्रवासाचं तिकीट २४,००० रुपयांचं आहे. तेच विमान कंपनीच्या योजनेतून १५,००० माइल्स आणि ४,५०० रुपये कर भरून मिळतं. २४,००० मधून ४,५०० गेले, उरले १९,५००. त्याला १५,००० ने भागलं की एका माइलमागे १ रुपया ३० पैसे मिळतात. आपल्या बँकेचा पॉइंट पोर्टलवर एक रुपयाचा धरला जातो आणि माइल्समध्ये एकास एक जातो, असं धरू. इथे पॉइंट माइल्समध्ये बदलणंच फायद्याचं.

आता त्याच प्रवासासाठी सवलतीत १४,००० रुपयांचं तिकीट निघालं. लागणारे माइल्स आणि कर तेवढेच राहिले तर हिशेब होतो ९,५०० भागिले १५,०००, म्हणजे फक्त ६३ पैसे. या वेळी पॉइंट माइल्समध्ये पाठवणं तोट्याचं. बँकेच्या पोर्टलवर एक रुपया दराने तिकीट घेतलेलं बरं. काही कार्डांवर अशा तिकिटाचा काही भाग रोख भरावा लागतो, तेवढं तपासून घ्यावं. ज्याच्याकडे फक्त माइल्स आहेत त्याला हा दुसरा रस्ताच नाही. त्याला एक तर ६३ पैशांत समाधान मानावं लागेल, नाही तर रोख पैसे भरून माइल्स तसेच पडू द्यावे लागतील. पॉइंट तेवढेच आणि प्रवास तोच असूनही एकाला निवड करता आली, दुसऱ्याला नाही. लवचिकतेची किंमत रुपयांत मोजायची झाली तर ती ही.

अधिभाराकडे खास लक्ष द्यायला हवं. काही विमान कंपन्या माइल्सच्या तिकिटावरही स्वतःचा मोठा अधिभार लावतात. युरोपातल्या काही मोठ्या कंपन्या त्यासाठी ओळखल्या जातात. याउलट एअर कॅनडाने २०२० मध्ये आपल्या ‘एरोप्लान’ योजनेत असा अधिभार लावणं बंद केलं. म्हणजे त्याच मार्गावरची तशीच सीट कोणत्या योजनेतून काढली, यावर खिशातून जाणारी रोख रक्कम बदलते. अनेक योजनांचं दार उघडं असलं तर सर्वांत स्वस्त दार निवडता येतं.

बिझनेस क्लासच्या बाबतीत हा हिशेब फसवू शकतो. दोन लाखांचं तिकीट ८०,००० माइल्सना मिळालं तर एका माइलला अडीच रुपये मिळाले, असं वाटतं. पण आपण ते दोन लाख रोख कधीच मोजले नसते. ती सीट खुशाल घ्यावी, आई-वडिलांना पाठ टेकून झोपत जाता येत असेल तर नक्कीच घ्यावी. पण बचत मोजताना आपण एरवी जेवढे पैसे खरोखर खर्च केले असते तेवढेच धरावेत. नाही तर कागदावर मोठी बचत दिसते आणि घरखर्चात तिचा पत्ता लागत नाही.

मे महिना, दिवाळी आणि परदेशातली मुलं

महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत परदेशप्रवासाचं मुख्य कारण पर्यटन नसून मुलं-नातवंडं आहेत. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, टोरांटो, लंडन, सिंगापूर, सिडनी. कुणाच्या घरी बाळंतपण असतं, कुणाची मुलं मे महिन्यात शाळेच्या सुटीत इकडे येतात, कुणाला गणपतीला किंवा दिवाळीला घरी यायचं असतं. नेमक्या याच काळात तिकिटं सर्वांत महाग असतात आणि माइल्सवर दिल्या जाणाऱ्या सीट सर्वांत कमी. विमान कंपनी ज्या सीट रोख पैशात विकल्या जाणार आहेत त्या माइल्सना का देईल?

अशा वेळी एकाच कंपनीच्या माइल्सवर भिस्त ठेवणाऱ्याला त्या एका कंपनीच्या मोजक्या सीटची वाट पाहावी लागते. लवचिक पॉइंट असले की शोधाचं क्षेत्र वाढतं. मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे जागा नसेल तर पॅरिसमार्गे पाहता येतं, पॅरिसमार्गे नसेल तर सिंगापूर किंवा दोहा. आणि कुठेच नसेल तर सरळ रोख किमतीचं तिकीट पोर्टलवरून पॉइंट वापरून घेता येतं. तिथे माइल्ससाठी राखीव सीटची अट नसते. विमानात विकण्याजोगी जागा असली की तिकीट निघतं. वाढदिवस, बारसं, शस्त्रक्रिया यांच्या तारखा आपण ठरवत नाही. तारीख हलवता येत नसेल तेव्हा निवडीचे बाकीचे रस्ते मोकळे असणं फार मोलाचं.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसांसाठी तर ही तुलना अधिकच ठळक होते. तिथे चेस, अमेरिकन एक्सप्रेस, सिटी, कॅपिटल वन अशा अनेक बँकांचे लवचिक पॉइंट आहेत. उदाहरणार्थ, चेसचे पॉइंट युनायटेडच्या योजनेतही जातात आणि एअर कॅनडाच्या एरोप्लानमध्येही. दोन्ही कंपन्या स्टार अलायन्समधल्या, म्हणजे एअर इंडियाची सीट दोन्हीकडून पाहता येते आणि जिथे कमी माइल्स आणि कमी कर लागतील तिथून घेता येते. युनायटेडच्याच नावाचं कार्ड वापरलं असतं तर एकच भाव मिळाला असता. बहुतेक योजनांत आपल्या माइल्सवर दुसऱ्याचं तिकीट काढता येतं, त्यामुळे मुलगा तिकडे, आई-बाबा इकडे असले तरी अडत नाही. क्रिसफ्लायरसारख्या काही योजनांत मात्र कुणासाठी तिकीट काढायचं त्या व्यक्तीचं नाव आधी नोंदवावं लागतं. हे काम घाईच्या दिवसाआधीच करून ठेवावं.

विमानतळांचं चित्रही बदलत आहे. गोव्यात मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला, नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं. १८ वर्षं कोणतीही माइल्स योजना न चालवणाऱ्या इंडिगोने २०२४ मध्ये ‘ब्लूचिप’ आणली. पुढच्या पाच वर्षांत ठाण्याच्या, पुण्याच्या किंवा पणजीच्या माणसाला कोणत्या विमानतळावरून कोणती कंपनी सोयीची पडेल, हे आज छातीठोकपणे सांगता येत नाही. मग रोजचा खर्च आजच एका कंपनीच्या नावे करण्याची घाई कशाला?

बँकही दर बदलते

लवचिक पॉइंट धोक्यापासून सुटलेले नाहीत, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. अ‍ॅक्सिस बँकेच्या ‘मॅग्नस’ कार्डाचं उदाहरण अनेकांच्या लक्षात आहे. या कार्डाचे पॉइंट विमान कंपन्यांकडे ५ ला ४ या दराने जात. १ सप्टेंबर २०२३ पासून तो दर ५ ला २ झाला. म्हणजे एक लाख पॉइंटचे ८०,००० माइल्स होत असत, ते एका तारखेनंतर ४०,००० झाले. महिन्याला एक लाख रुपये खर्च केल्यावर मिळणारे २५,००० जादा पॉइंटही त्याच वेळी बंद झाले. नंतर बँकेने वर्षाला किती पॉइंट बाहेर पाठवता येतील यावर मर्यादा घातल्या आणि पाठवण्यासाठी शुल्कही सुरू केलं.

विमान कंपनीच्या नावाची कार्डंही यातून सुटली नाहीत. एअर इंडियाचं नाव असलेल्या एसबीआयच्या ‘सिग्नेचर’ कार्डावर एअर इंडियाच्या तिकिटाच्या दर शंभर रुपयांमागे ३० पॉइंट मिळत. मार्च २०२५ च्या अखेरीपासून ते १० झाले.

यातून निघणारा धडा असा : पॉइंट ही साठवून ठेवण्याची गोष्ट नव्हे. लवचिक पॉइंट आपल्याला कुठे जायचं ते उशिरा ठरवू देतात, पण अनंत काळ थांबू देत नाहीत. येत्या वर्ष-दीड वर्षातल्या प्रवासाला पुरतील एवढेच जमवावेत आणि ते वापरून टाकावेत. निवृत्तीनंतर जग फिरू म्हणून पॉइंट साठवणं चुकीचं. त्यासाठी मुदत ठेव आणि म्युच्युअल फंड आहेत. शक्य असेल तर दोन बँकांत विभागणी करावी. आणि कार्ड बंद करण्याआधी त्यावरचे पॉइंट संपवावेत, कारण बहुतेक बँकांत कार्डाबरोबर तेही जातात.

माइल्स कधी बरे?

विमान कंपनीशी निष्ठा ठेवणं काही लोकांना खरोखर परवडतं. ज्यांना कामासाठी महिन्यातून दोन-तीनदा विमानाने जावं लागतं, तिकिटाचे पैसे ऑफिस भरतं आणि कंपनीही बहुतेक वेळा तीच असते, त्यांना वरचा सभासद दर्जा मिळतो. जादा सामान, आधी चेक-इन, लाउंज, उड्डाण रद्द झालं तर लवकर दखल. मुलांकडे जाताना मेतकूट, भाजणी आणि लोणच्याच्या बरण्या न्यायच्या असतील, तेव्हा जादा सामानाची सवलत हजारो रुपये वाचवते. हा दर्जा बँकेचे पॉइंट सहसा देत नाहीत.

शिवाय विमानप्रवासावर मिळणारे माइल्स कुणीही सोडू नयेत. बहुतेक कंपन्यांच्या योजनेचं सभासदत्व फुकट असतं. तिकीट काढताना तो क्रमांक टाकावा, मिळेल ते घ्यावं. उडून मिळणारे माइल्स आणि खर्च करून मिळणारा फायदा यांत फरक करायचा, एवढंच. पहिले आपोआप येतात. दुसऱ्यासाठी आपण कार्ड निवडतो, वार्षिक शुल्क भरतो, खर्चाची दिशा बदलतो. निवड करायची ती इथे.

आणि दोन-तीन वर्षांतून एकदाच विमानात बसणाऱ्या कुटुंबाला प्रवासाच्या पॉइंटचीच गरज नाही. वार्षिक शुल्क नसलेलं किंवा अगदी थोडं असलेलं, बिलात सरळ पैसे परत देणारं कार्ड त्यांच्यासाठी उत्तम. रुपयाइतकं लवचिक दुसरं काहीच नाही. वर्षाला ५,००० रुपये शुल्काचं कार्ड घेतलं तर १८ टक्के जीएसटी धरून ते ५,९०० ला पडतं. हे कार्ड साध्या कार्डापेक्षा दीड टक्का जास्त फायदा देत असेल, तर शुल्क वसूल व्हायलाच वर्षाला सुमारे चार लाखांचा खर्च त्यावर करावा लागेल. भाडं, इंधन, वॉलेटमध्ये पैसे भरणं अशा खर्चांवर पुष्कळ कार्डं पॉइंट देत नाहीत किंवा कमी देतात. आपला भाजी-किराण्याचा खर्च तर बहुतांशी यूपीआयवर गेला आहे. क्रेडिट कार्डातलं फक्त रुपे कार्ड त्याला जोडता येतं. म्हणून ‘महिन्याला एवढा खर्च सहज होईल’ असा अंदाज बांधण्याआधी मागच्या तीन महिन्यांचं बँकेचं विवरण काढून बघावं.

व्याजापुढे कुठलाच पॉइंट टिकत नाही

या सगळ्या चर्चेला एक अट आहे आणि तिला अपवाद नाही : बिल दर महिन्याला पूर्ण भरायचं. भारतात अनेक क्रेडिट कार्डांवर थकबाकीचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर. ५०,००० रुपये महिनाभर थकले तर १,७५० रुपये व्याज आणि त्यावर ३१५ रुपये जीएसटी, असे २,०६५ रुपये जातात. त्याच ५०,००० च्या खर्चावर दोन टक्के फायदा धरला तरी मिळतात १,०००. एका महिन्याचं व्याज दोन महिन्यांची कमाई खाऊन टाकतं. बिलावर छापलेली ‘किमान देय रक्कम’ भरली की दंड टळतो, व्याज टळत नाही. उलट नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही सहसा जाते.

परदेशात कार्ड वापरतानाही तेच. अनेक कार्डांवर परकीय चलनातल्या खर्चावर साडेतीन टक्के शुल्क आणि त्यावर जीएसटी, असे ४.१३ टक्के जातात. दोन टक्क्यांचे पॉइंट मिळवायला चार टक्के मोजण्यात शहाणपण नाही. प्रवासासाठी कमी चलनशुल्काचं कार्ड वेगळं ठेवावं.

थोडक्यात, क्रम लावायचा तो असा. आधी बिल पूर्ण भरण्याची सवय, मग येत्या दोन वर्षांतल्या प्रवासाची यादी, मग कार्ड. यादीत एकाच कंपनीच्या फेऱ्या भरून असतील तर त्या कंपनीचं कार्ड घ्यायला हरकत नाही. यादीच रिकामी असेल तर रोख परतावा घ्यावा. पण जायचं आहे हे नक्की आणि कोणत्या विमानाने, कोणत्या महिन्यात, कोणत्या मार्गाने हे नक्की नाही, अशी स्थिती आपल्यापैकी बहुतेकांची असते. त्यांच्यासाठी बँकेचे लवचिक पॉइंट हाच शहाणा पर्याय आहे. वर्षभर राबून मिळवलेल्या पैशाचा खर्च आपण करतो. त्यातून मिळणाऱ्या प्रवासाची दिशा, वेळ आणि विमानसुद्धा आपणच ठरवायला हवं, आणि तिकीट हातात येईपर्यंत तो हक्क कुणालाही देऊ नये.